आठव्या लेनखाली कोण आहे?

"मेघा, देवाशपथ सांगते, कुणीतरी माझा पाय धरून ठेवला होता!"

मेघाची मोठी बहीण, निशाताई, गवतावर बसून धापा टाकत होती. मेघानं तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली, पण ताईचं लक्षच नव्हतं. ती एकटक आपल्या उजव्या घोट्याकडे बघत होती.

चारशे मीटरची पहिली चाचणी नुकतीच संपली होती. पुण्याहून आलेल्या रत्नमाला मॅडम क्रीडाशाळेसाठी या शिबिरातल्या प्रत्येक गटातून फक्त दोन मुली निवडणार होत्या आणि निशाताई आली होती तिसरी! किती फरकानं? एका सेकंदाचे शंभर भाग करा. त्यातले सात! पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

डिसेंबरात निशाताई चौदा वर्षांची होणार होती आणि त्यानंतर त्या शाळेत प्रवेश मिळत नसे. म्हणजे आता उरली होती परवाची एकच चाचणी. तीही त्याच लेनमधून. आठव्या!

"म्या सांगतच व्हतो, पोरीहो," मैदानावर चुन्याची फक्की मारून लेन आखणारे फकिरामामा पांढरे हात झटकत म्हणाले. "त्या लेनखालून जुनी नहर जाते. पाणी कवाचं आटलं, पण खाली कुणीतरी राहतंय. आठव्या लेनमधून आजवर एक बी पोरगी जिंकली नाय."

मुकुंदवाडीच्या मुलींना नहर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जमिनीच्या पोटातून शहराला पाणी आणणारा तो जुना भुयारी कालवा. मैदानाच्या कडेला त्याचं जाळी मारलेलं एक तोंड होतं. वारा सुटला की त्यातून "हूंऽऽऽ" असा आवाज यायचा.

"लई भारी!" आकाश म्हणाला. हा त्यांचा आतेभाऊ, दिवाळीच्या सुट्टीला फुलंब्रीहून आलेला. "ताई, परवा पायाला तेल लावून पळ. धरलं तरी निसटशील!"

कुणी हसलं नाही. सकाळपासून तीन गट पळाले होते आणि तिन्ही गटांत आठव्या लेनमधली मुलगी सगळ्यांत उशिरा निघाली होती. तिघी एकच सांगत होत्या, पाय उचललाच नाही.

"अजून एक," निशाताई हळूच म्हणाली. "क्लॅपर वाजला ना, की मागोमाग आणखी एक 'ठक्' येतं. अगदी बारीक. जसं काही कुणी खालून उत्तर देतंय."

मेघाच्या अंगावर काटा आला. कारण तिनंही काहीतरी पाहिलं होतं, आणि ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शर्यत बघायला ती मैदानापलीकडच्या जुन्या तटावर चढून बसली होती. तिथून तिला शर्यत सुरू करून देणारे राजकुमार सर स्पष्ट दिसत होते. सरांचे बूट दिवाळीचे, नवेकोरे, पांढरेशुभ्र! दवानं ते भिजू नयेत म्हणून सर पहिल्या लेनशेजारच्या फरशीवर उभे होते. त्यांनी दोन फळ्यांचा लाकडी क्लॅपर वर धरला. दोन्ही फळ्या मिटल्या... आणि आवाजच आला नाही! पहिल्या लेनमधली मुलगी निघाली, दुसरी निघाली, तिसरी, चौथी. सगळं मुक्यानं, स्वप्नात चालावं तसं. निशाताई मात्र तशीच वाकलेली. मग कुठे "ठक्!" आलं.

"काय गं, एवढी गप्प का?" आकाशनं विचारलं.

"उद्या पहाटे इथे यायचं," मेघा म्हणाली. "तुझ्या किल्ल्याच्या दोन फळ्या घेऊन ये."

"माझा किल्ला मोडू? शिवाजी महाराज कुठं बसतील?"

"एक दिवस मावळ्यांत बसतील!"

*

पहाटे मैदानावर धुकं इतकं दाट होतं की लेनच्या पांढऱ्या रेघा चार पावलांपुढे विरघळून जात होत्या. तट तर दिसतच नव्हता. नहरीच्या तोंडातून आवाज आला, "हूंऽऽऽ".

"मला घरी सोडा," आकाश कुजबुजला. "म्या नाय घाबरलो, थंडी वाजतीय."

तिघं आठव्या लेनच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. मेघानं मान हलवली. आकाशनं फळ्या एकमेकींवर आपटल्या.

ठक्!

क्षणभर सगळं शांत. आणि मग धुक्यातून, पलीकडून, कुणीतरी उत्तर दिलं. ठक्.

"आई गं!" आकाशनं फळ्या टाकल्या आणि धूम ठोकली! निशाताईनं त्याला स्वेटरला धरून परत ओढलं. "अरे, चारशे मीटर मी पळते, तू नाही!"

 मेघानं फळ्या उचलल्या आणि आवाज आला त्या दिशेनं ती चालू लागली. थोडं पुढे जाऊन पुन्हा ठक्! उत्तर आलंच, पण या वेळी लवकर आलं. आणखी पुढे गेली. आता उत्तर जवळजवळ लगेच! समोर धुक्यातून तटाचे काळे दगड वर आले. तिनं दगडांना पाठ लावली आणि पुन्हा फळ्या आपटल्या.

ठक्!

उत्तर नाही. नुसती शांतता.

"अरे वा!" मेघा मोठ्यानं म्हणाली. "जवळ आलं की गप्प बसणारं भूत कुठे असतं का?"

"भित्रं असंल, माझ्यासारखं," धुक्यातून आकाशचा आवाज आला.

"भूत नाही रे, तट आहे! आपला आवाज जातो, दगडावर आपटतो आणि परत येतो. लांब उभं राहिलं तर उशिरा, जवळ गेलं तर लगेच. म्हणजे आवाजाला चालत यायला वेळ लागतो!" बोलता बोलता ती थांबली. तिला कालच्या त्या मिटलेल्या फळ्या आठवल्या. "ताई! चारशे मीटरला आठव्या लेनमधली मुलगी पहिल्या लेनच्या किती पुढे असते?"

"बाहेरची लेन लांब पडते, म्हणून आम्हाला पुढे उभं करतात. पन्नासेक मीटर."

"आणि सर उभे कुठे असतात?"

निशाताईचे डोळे मोठे झाले. "पहिल्या लेनपाशी. फरशीवर!"

"आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो, शाळेत शिकलोय आपण. मग पन्नास मीटरला?"

आकाशनं बोटानं दवावर गणित मांडलं. "एका सेकंदाच्या शंभर भागांतले... जवळपास पंधरा गेले की!"

"आणि ताई हरली सात भागांनी," मेघा म्हणाली.

नहरीतून पुन्हा "हूंऽऽऽ" आलं. या वेळी कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

*

"आवाज म्हणजे काय बैलगाडी आहे का, रमतगमत यायला?" दुसऱ्या चाचणीच्या सकाळी राजकुमार सर खो खो हसले. "इथे वाजला की तिथे ऐकू येतो. बहाणे नकोत, निशा. तीच लेन, तीच जागा. मी कागदावर लिहून टाकलंय."

निशाताईचा चेहरा उतरला. तेवढ्यात आकाश पुढे झाला.

"बरोबर आहे, सर. आमी लहान लेकरं, आमाला काय कळतंय? तुमीच उभे राहा ना आठव्या लेनमधी. म्या राहतो पहिल्या लेनमधी. हातात रुमाल धरायचा, ठक् झालं की सोडायचा. तुमचा आधी पडला तर म्या अख्ख्या मैदानाला फक्की मारतो!"

"आणि तुझा आधी पडला तर?"

"तर तुमी बूट भिजवायचे." आकाशनं निरागस चेहरा केला. "आता नहरीतल्या भुताची भीती वाटत असंल तर राहू द्या."

भोवती जमलेल्या मुली खुसखुसल्या. रत्नमाला मॅडम चहाचा कप ठेवून उठल्या. "होऊन जाऊ द्या, सर. मलाही बघायचंय."

सर ओल्या गवतातून टाचांवर चालत आठव्या लेनपर्यंत गेले. मॅडम मैदानाच्या आत, दोघांपासून सारख्याच अंतरावर, दोघंही दिसतील अशा मोबाइल घेऊन उभ्या राहिल्या. पहिल्या लेनपाशी फकिरामामांनी क्लॅपर उचलला.

ठक्! आकाशचा रुमाल आधी पडला. पुन्हा ठक्! पुन्हा आकाश! तिसऱ्यांदाही तेच!

"पोरगं चपळ आहे, त्यात काय?" सर तिथूनच ओरडले. "माझं वय बघा!"

"म्हणूनच आता जागा बदलायची, सर!" मेघा ओरडली.

सर पहिल्या लेनमध्ये आले, आकाश आठव्या लेनमध्ये गेला. ठक्! सरांचा रुमाल आधी! ठक्! पुन्हा सर!  सर स्वतःच्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"माणसं तीच, हात तेच," मेघा म्हणाली. "बदलली ती फक्त लेन."

मॅडमनी चित्रण अगदी सावकाश चालवून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्या म्हणाल्या, "राजकुमार सर, शेवटाला शतांश मोजणारा कॅमेरा मी पुण्याहून आणला. सुरुवात कुठे उभं राहून होते, तेवढं बघितलं नाही. चूक माझीही आहे. पहिली चाचणी रद्द! सगळ्या मुली पुन्हा पळतील."

"पण आवाज तर तसाच हळू येणार," निशाताई म्हणाली.

मेघानं सूचना देण्यासाठी लावलेल्या कर्ण्यांकडे बोट दाखवलं. "मॅडम, क्लॅपरजवळ माइक ठेवायचा आणि एकेक कर्णा प्रत्येक लेनमागे. वायरमधून आवाज नाही, वीज धावते!"

"मोठ्या स्पर्धांत असंच करतात," मॅडम हसल्या. "प्रत्येक धावपटूच्या मागे स्पीकर असतो. तुला कुणी सांगितलं?"

"तटानं," मेघा म्हणाली.

कर्णे मांडून झाले. मेघा पुन्हा तटावर चढून बसली. खाली निशाताईच्या गटातल्या आठ मुली वाकल्या.  दूरवर फळ्या मिटल्या. आवाज नाही... आणि त्या मुक्या क्षणात आठच्या आठ पाठी एकदम वर उठल्या!

मग "ठक्" आलं, पण तोवर निशाताईचं पहिलं पाऊल पडलंही होतं. शेवटच्या सरळ रेषेत तीन मुली एका ओळीत होत्या. कोण पुढे, कोण मागे, डोळ्यांना कळेना! कॅमेऱ्यापाशी मॅडम वाकल्या. 

"निशा, दुसरी! तीन शतांशांनी!"

आकाशनं फकिरामामांनाच मिठी मारली आणि स्वतः पांढराफटक झाला. निशाताई हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक!

राजकुमार सर गवतातून पचक पचक करत आले. बूट चिखलानं माखले होते. "मेघा, आकाश, तुम्ही आज मला विज्ञान शिकवलंत," ते म्हणाले. "माझ्या बुटांपायी एका मुलीची क्रीडाशाळाच हुकली असती."

"आणि मी एक सांगते," मॅडम सगळ्या मुलींकडे वळून म्हणाल्या. "पुरुषांच्या चारशे मीटरचा विश्वविक्रम आहे त्रेचाळीस सेकंद आणि तीन शतांश. रिओ ऑलिंपिकमध्ये झाला. कुठल्या लेनमधून झाला असेल?"

"चौथ्या!" "पाचव्या!" मुली ओरडल्या.

"आठव्या!" मॅडम म्हणाल्या.

फकिरामामा फक्कीची बादली घेऊन उभे होते. "मंग उद्याच्या सरावाला ही लेन आखू का सोडू? कुणालाच नको व्हती ना?"

"मला हवी!" "मामा, मला!" "मी आधी सांगितलं!" एकच गलका उठला.

"नाही नाही!" निशाताईनं धावत जाऊन आठव्या लेनवर पाय रोवले. "उद्या ती माझीच. उद्या माझा शेवटचा सराव आहे इथला!"

आकाशनं हळूच दोन फळ्या काढल्या आणि आपटल्या. ठक्!

सगळ्या मुलींनी कान टवकारले. पलीकडून तटानं उत्तर दिलं.