घंटा व्हायच्या आधी

"बाई, हा माग खरंच चालतो, की नुसता शोभेला ठेवलाय?"

दारातल्या उंच तरुणाने विचारलं आणि आपला ओलाचिंब कोट सरळ तिच्या ताणलेल्या सुतावर टाकला.

"चालतो," विणता विणता ती म्हणाली. "कोटासकट विणला गेलात तर मला बोल लावू नका."

त्याने कोट झटकन उचलला. कान लाल झाले होते. तिला गंमत वाटली.

त्या संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचं एक गाव जसंच्या तसं नांदत होतं. लोहार खरं लोखंड ठोकायचा, भट्टीतून खरे पाव निघायचे, आणि संध्याकाळची घंटा होईपर्यंत सगळ्यांनी त्याच काळातलं बोलायचं, असा दंडक होता. चुकेल त्याने आठवडाभर अंगण झाडायचं. लोहाराने दोनदा झाडलं होतं, तिने कधीच नाही. शाळेची पोरं मुद्दाम विचारायची, "इथे वायफाय आहे?" ती शांतपणे सांगायची, "आमच्या शिवारात ते पिकत नाही."

तो चित्रकार होता, तीन महिने तिथेच राहून काम करायला आलेला. आसपासच्या लोकांनी घरातले जुने कपडे आणायचे, त्यांच्या चिंध्या करायच्या, प्रत्येकाने वीतभर विणायचं आणि सगळ्यांची मिळून एक लांबलचक सतरंजी करायची, असा त्याने घाट घातला होता. माग तिचा, म्हणून तोही दिवसभर तिथेच.

"काल दिसला नाहीत. गाव ओस पडलं होतं," एकदा ती म्हणाली.

"तालुक्याला गेलो होतो, परतीची बैलगाडी चुकली. तुम्ही काय, वाट बघत होतात?"

"उभं राहून पाय दुखले."

"मग तेल चोळा..."

घंटा झाली की मात्र एरवी कुणाला न ऐकणाऱ्या तिची बोलती बंद व्हायची. "उद्या निळ्या चिंध्या लागतील." "बरं." संपलं. ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि ते कळूनही तिला सांगता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सतरंजी प्रदर्शनासाठी टेम्पोत चढली. फाटकाबाहेर हॉर्न वाजत होता आणि घंटेला अजून अवकाश होता. मागाभोवती शाळेची पोरं उभी असताना तो आत आला.

"निघालो. एकच विचारायचंय... इतके दिवस माझ्याशी गोड बोलली, ती जुन्या काळातली बाई होती की तुम्ही? ती असेल तर मुकाट्याने जातो."

तिचा हात थांबला. पोरं टक लावून बघत होती. दारात लोहारही येऊन उभा राहिला होता. तिने डोक्याचा रुमाल सोडला.

"मीच होते. पहिल्या दिवसापासून. मला तुम्ही आवडता. आता बघत काय राहिलात, मोबाइल काढा, नंबर सांगते."

पोरांनी एकच गलका केला. त्याने नंबर चुकीचा टाइप केला, तो एका चिमुरडीने दुरुस्त करून दिला.

रविवारी ती अंगण झाडत होती. समोर आणखी एक झाडू आला, मागोमाग तो.

"हा कुठून आणलात?"

"लोहाराने दिला. म्हणाला, शिक्षा दोघांची आहे."

"आणि तिकीट?"

"काढलंय. घंटेपर्यंतचं."

"घंटेनंतरही थांबा," ती म्हणाली, आणि केर त्याच्या बाजूला लोटला.