मीठ चाटायचा दगड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढं वाचू नका. माझ्या सख्ख्या मावशीच्या अंगणात घडलेलं आहे हे, आणि तिला गोष्टी रचता येत नाहीत.

गाव सेनगाव तालुक्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आणि वेळ म्हणाल तर रात्र नाही...

भर दुपार.

मावशीचं नाव यशोदाबाई, काकांचं संपतराव. मेंढरांवर जगणारं घर. त्या वेळी मुलगा मेंढरं घेऊन वसमतकडं चरायला गेलेला. घरी या दोघांशिवाय सून रागिणी, तिचं तान्हं लेकरू प्रभू आणि दारात थोड्या शेळ्या. रागिणीला दूध पुरत नव्हतं, म्हणून प्रभू शेळीच्या दुधावर वाढत होता.

काकांनी एक दिवस माळावरून काळी गुळगुळीत फरशी उचलून आणली. बाभळींच्या झुडपात पडली होती म्हणे. एका बाजूनं इंग्रजी अक्षरं. जुना मैलाचा दगड असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. अक्षरं खाली करून फरशी अंगणातल्या लिंबाखाली बसवली आणि तिच्यावर शेळ्यांना खडेमीठ घालायला लागले. मेंढरंवाल्यांच्या दारात मीठ चाटायचा असा एखादा दगड असतोच.

शेळ्या तुटून पडल्या.

मीठ संपलं तरी चाटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तर मीठ घातलंच नव्हतं... तरीही चाटत होत्या.

जिभा सोलून रक्त आलं, पण हटेनात. त्यांना हाकलताना मावशीचा हात दगडाला लागला. डोक्यावर रखरखीत ऊन, आणि दगड...

ओला. गार.

हाताला काहीतरी बुळबुळीत चिकटलं. तिनं ते लुगड्याला पुसलं. सडक्या मासळीचा वास होता. त्या घरात मासळी कधी शिजत नाही.

त्याच दुपारी प्रभूला ओकारी झाली. दूध नव्हतं ते... पाणी होतं. मळकट, हिरवट. रागिणीच्या तोंडावर उडालं, तशी ती थुंकली.

"आत्याबाई, खारट हाय हो हे!"

त्या पाण्यात शेवाळ होतं. आणि एक लांब... काळा केस.

सेनगावच्या डॉक्टरांनी औषध दिलं, शेळीचं दूध बंद करायला सांगितलं. पिशवीचं दूध आणलं. तेही तसंच बाहेर आलं, तोच वास घेऊन. लेकराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ओठ निळे पडले. नांदेडला न्यायचं ठरलं. काका जीप बघायला निघणार, एवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या मालनबाई विचारपूस करायला आल्या. लिंबाखाली येताच त्यांनी नाकाला पदर लावला.

"हा दगड कुठून आणला, संपतराव?"

"माळावरून. मैलाचा दगड हाय तो."

"मैलाचा न्हाई ओ! जहाजवाल्या साहेबाच्या मढ्यावरचा हाय."

मालनबाईंचे सासरे कोंडीबा त्या इंग्रजाच्या घरी स्वयंपाकाला होते. त्यांच्याकडून ऐकलेलं मालनबाईंनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं.

साहेब इंग्रजांच्या आरमारातला. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा भरती झाला. पहिल्या महायुद्धात त्याचं जहाज बुडालं. होडीत चढणारा पहिला हाच. पाण्यातली माणसं होडीच्या कडेला लटकली, तशी यानं वल्ह्यानं त्यांची बोटं ठेचली. आपल्याच माणसांची. घरी परतल्यावर याला बढती मिळाली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कप्तान झाला. पुन्हा जहाज बुडालं. या वेळी कडेला लटकलेले खलाशी आपल्या मुलखातले होते, भट्टीत कोळसा टाकणारे. पुन्हा तेच वल्हं. या वेळी छातीवर पदक लागलं. नंतर समुद्राकडं बघवेना, म्हणून हा हिंगोलीकडं आला. याचा बाप कधीकाळी हिंगोलीच्या छावणीत होता. दारू चढली की साहेब हे सगळं कोंडीबांना सांगायचा. हसत हसत. आणि वर पोटभर जेवायचा.

थू! असल्या माणसाची तर किळस येतेच, त्याला पदकं लावणाऱ्यांचीही येते.

"मेला कसा त्यो?" मावशीनं विचारलं.

"खाटंवर, असाच उन्हाळा व्हता. पोट फुगलं, व्हट निळे पडले, आन तोंडातून..." मालनबाईंनी लिंबाला बांधलेल्या प्रभूच्या झोळीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "खारं पाणी. मामंजी सांगायचे, त्यात केस व्हते."

रागिणीनं पदरानं प्रभूचं तोंड पुसलं.

"दगड जागेवर नेऊन टाका," मालनबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

अंगणात सावली म्हणून ती त्या लिंबाचीच, त्यामुळं प्रभूची झोळीही त्याच फांदीला. काकांनी दगडाखाली पहार घातली आणि जोर लावला. दगड उचकटला...

खाली माती नव्हती.

काळं पाणी होतं. आणि दगडाची कड धरून बसलेली... बोटं.

फुगलेली. कातडी सैल होऊन लोंबणारी. काहींना नखं नव्हती. एकामागून एक वर येत होती आणि सापडेल ते धरत होती. आधी पहार. मग झोळीचं लोंबतं टोक.

झोळी खाली खेचली गेली. प्रभूचा श्वास घरघरला... आणि थांबला.

मावशीनं मेंढरांमागची काठी उचलली आणि हाणायला सुरुवात केली. सुरुवातीला मऊ, ओला आवाज यायचा. मग हाडाचा यायला लागला.

तेवढ्यात खालून कुणीतरी बोललं...

"पानी... अम्मा, थोडा पानी..."

काकांनी ऐकलं. रागिणीनंही ऐकलं. भरलेला माठ मावशीच्या हाताशीच होता.

ती हाणत राहिली. शेवटचं बोट सुटेपर्यंत.

झोळी झटक्यात वर गेली. प्रभू खोकला आणि त्यानं भोकाड पसरलं. काकांनी वाकून बघितलं, तर पहारीखाली कोरडी माती होती. तिच्यावर फक्त... पांढरं मीठ फुटलेलं.

दगड त्याच संध्याकाळी माळावर गेला. प्रभू आता अंगणभर पळतो, त्याला काही त्रास नाही. पण ती बोटं त्याला ओढत होती, की बुडणारा माणूस धरतो तशी नुसती काहीतरी धरत होती, हे मला कळत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी मावशीला विचारलंच.

"ओढत न्हवते रे ते," ती म्हणाली. "तहानलेले व्हते."

"मग पाणी काहून दिलं न्हाई?"

"काठी खाली ठेवावी लागली असती." ती म्हणाली. "आन आज आले तरी हाणीन. लेकरू हाय माझं."

रागिणीनं जेवायला वाढलं. मावशीची भाकरी दुधात कुस्करून दिली, आणि सोबत चमचा. जन्मभर हातानं जेवलेली बाई उजवा हात पदराखाली दडवून डाव्या हातानं चमचा धरून जेवत होती. घरात कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं.

पदर जरा सरकला, तेव्हा दिसलं... बोटं फुगलेली, नखं नसलेली. माझ्या ताटातली भाकरी मात्र मला गेली नाही.