पर्थहून परतीचं विमान रद्द

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर आत्ताच पान उलटा, माझी काही हरकत नाही. पण त्या विमानातून उतरवलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्याच्या उजव्या हाताची बोटं कुठल्या दिशेला वळली होती तेही पाहिलंय. तेव्हा मला अक्कल शिकवायला येऊ नका.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीची, ऑगस्टअखेरची लख्ख दुपार होती. विमान पर्थहून मलेशियातल्या पेनांगला निघालं होतं. खाली समुद्र, खिडक्यांतून ऊन.

स्वी लियान आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. एका छोट्या विमान कंपनीत वेळापत्रक बनवते. कोणतं विमान कधी, कुठे जाणार, हे ती ठरवते. म्हणजे ठरवतात साहेब, बसवते ती. तिचा धाकटा भाऊ तेक सेंग त्याच कंपनीच्या विमानांत प्रवाशांची सेवा करायचा. आईबाप लवकर गेले. पोराला हिनेच वाढवलं. तिला दुसरं कोणीच नाही.

कंपनीला ऑस्ट्रेलियाचं वेड लागलं होतं. पर्थ सुरू, ॲडलेड तोंडावर, पुढे डार्विन. विमानं मात्र होती तेवढीच. एकाला उशीर झाला की तीन शहरांत बोंब.

पर्थचा मार्ग सुरू झाला तो नेमका चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात.

सातव्या महिन्यात मेलेल्यांचं दार उघडतं. पेनांगभर रस्त्याच्या कडेला उदबत्त्या जळतात, देवळांपुढे नाटकं होतात. पहिली रांग रिकामी ठेवतात. ती त्यांची. या महिन्यात इथे कोणी नवं काही सुरू करत नाही. पण पर्थच्या विमानतळाने दिलेली वेळ घेतली नाही, तर ती दुसऱ्याला जाते.

"ताई, एक कर ना," सेंग जेवता जेवता म्हणाला. "पहिली रांग विकूच नको. महिनाभर."

"विमान आहे ते. देवळापुढचं नाटक नाही."

"अगं, मान ठेवायचा. तसंही लोक कुठे येतायत? रिकामी जायचीच आहे, तर त्यांच्या नावाने जाऊ दे."

"गाढवा, जेव गुपचूप."

पण दुसऱ्या दिवशी तिने संगणकात पहिली रांग बंद केली. कारण लिहिलं, वजनाचा तोल. कचेरीत सगळे हसले, आणि सगळ्यांना पटलंही. पेनांगमध्ये कोणालाही पटलं असतं.

चूक इथेच झाली.

नाटकाच्या मांडवात रिकामी रांग म्हणजे आमंत्रण असतं. विमानात तिचा अर्थ वेगळा कसा होईल?

पहिल्याच फेरीत, विमान धावपट्टीवर वळलं आणि पहिल्या रांगेतून आवाज आला...

कट.

कट... कट...

रिकाम्या आसनांचे पट्टे लागले होते. सगळेच्या सगळे.

रोहानाबाई केबिनच्या प्रमुख. मलय, वयाने मोठ्या, जिभेने तिखट. त्या म्हणाल्या, "सेंग, तुझे पाहुणे बरे शिस्तीचे आहेत रे. आपल्या प्रवाशांना सांगून सांगून माझा घसा बसतो."

पर्थला उतरलं की पट्टे सुटलेले. परतीला पुन्हा लागलेले. पेनांगला पुन्हा सुटलेले.

जातात, फिरतात, येतात. कोणाला त्रास नाही. महिनाभर हे असंच चाललं.

मग आला महिन्याचा शेवटचा दिवस. त्या रात्री दार बंद होतं, त्याआधी सगळ्यांना परतावं लागतं.

सकाळचं विमान पर्थला गेलं होतं. पहिली रांग भरून. दुपारी ते परत यायचं होतं. तेवढ्यात गोपीनाथन साहेब स्वी लियानच्या टेबलाशी आले.

"ॲडलेडचं उद्घाटन आज संध्याकाळी. तिकडचं विमान बिघडलंय. पर्थचं रिकामंच तिकडे पाठवून दे."

"आणि पर्थचे प्रवासी?"

"उद्या आणू."

"साहेब, आज नको. आज रात्री दार बंद होतं."

"कसलं दार?" साहेबांच्या लक्षात आलं आणि ते खो खो हसले. "तुझ्या भुतांनी तिकिटं काढलीत का? नाही ना? मग तक्रार कुठे करणार? मंत्री येणार आहेत ॲडलेडला. रद्द कर."

तिने रद्द केलं.

बटण तिने दाबलं. हे ती आजही सांगते, कोणी न विचारता.

पर्थच्या विमानतळावर बोंबाबोंब झाली. माणसं जमिनीवर बसली, पोरं रडायला लागली. सकाळच्या विमानाबरोबर गेलेला सेंगही तिथेच अडकला होता. त्याने दुपारी बहिणीला फोन केला.

"ताई, इथे बसायला जागा नाही. पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

"मग बसव ना लोकांना."

"कोणी बसत नाहीये. जातात... आणि उठून येतात." फोनवर त्याने हुंगल्याचा आवाज आला. "ताई, इथे उदबत्तीचा वास येतोय."

दुसऱ्या दिवशी पेनांगहून दुसरं विमान गेलं. महिना संपला होता. खोळंबलेली गर्दी होती. स्वी लियानने पहिली रांग विक्रीला खुली केली. तिथे आता जिवंत माणसं बसली.

पर्थहून विमान वर गेलं. जेवणं वाटून झाली.

आणि मग पुन्हा तो आवाज...

कट.

या वेळी पट्टे लागले नाहीत. ते आवळले.

पहिल्या रांगेतले सगळे एकदम ओरडले. एका बाईची बरगडी मोडल्याचा आवाज रोहानाबाईंनी तीन हात लांबून ऐकला. सेंग धावला. पट्टा सुटेना. कापायला गेला, तर पाती वाकली.

वाटेजवळच्या आसनावर एक म्हातारा गोरा होता. मेंढ्या पाळणारा, लालबुंद चेहऱ्याचा. आयुष्यात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाबाहेर निघाला होता. त्याने सेंगचं मनगट धरलं.

आणि तो बोलला...

पेनांगच्या चिनी बोलीत. आजकालच्या नाही, पणजोबांच्या काळातल्या.

"आमचं परतीचं कोणी रद्द केलं?"

सेंग हात सोडवायला लागला.

म्हाताऱ्याने त्याचं एक बोट उलटं वळवलं. मोडेपर्यंत.

"कोणी?"

मग शेजारची बाई तेच बोलली. तिच्या तोंडातून रक्त येत होतं, तरी बोलली. मग पलीकडचा कॉलेजचा मुलगा. सगळी रांग, एकाच आवाजात.

"कोणी? कोणी?"

दुसरं बोट. तिसरं.

रोहानाबाईंनी सेंगला कमरेला धरून मागे ओढलं. कोणीतरी त्यांना उचलून मागच्या चहा-जेवणाच्या गाड्यावर आपटलं. दिसलं कोणीच नाही. गाडा आडवा झाला, उकळता चहा अंगावर. डोळ्यांत रक्त आलं होतं, पण शुद्ध होती. त्यांनी सगळं ऐकलं.

सेंग किंचाळत होता. त्याला नाव माहीत होतं. साहेबांचं घेतलं असतं तरी चाललं असतं. रोहानाबाई स्वतः ओरडल्या, "अरे सांग गोपीनाथनचं! सांग ना मेल्या!"

पण सेंग थांबला. हुकूम साहेबांचा, पण बटण कोणाचं, हे शोधायला त्यांना कितीसा वेळ लागणार? त्याच्या मनात हेच आलं असणार. दुसरं काय?

तो म्हणाला, "मी. मी रद्द केलं."

रांग एकदम गप्प झाली.

पट्टे सुटले. माणसं धापा टाकत पुढे कोसळली. म्हाताऱ्याने हात सोडला आणि इंग्रजीत विचारलं, काय झालं? त्याला काही आठवत नव्हतं.

सेंग मात्र अजून उभा होता. पायाची बोटं जमिनीला टेकत नव्हती. त्याची मान हळूहळू मागे गेली... आणखी मागे...

पुढचं मी लिहिणार नाही.

कंपनीने सांगितलं, हवेचा जोरदार झटका. वैमानिकाने लिहून दिलं की हवा स्वच्छ होती. तो कागद पुढे गेला नाही. रोहानाबाईंनी नोकरी सोडली, पण आधी स्वी लियानकडे येऊन सगळं सांगून गेल्या. सांगताना माझ्यासमोर दोघी गळ्यात पडून रडल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

सेंगचे सगळे विधी झाले. कागदी पैसे जाळले, कागदी घर जाळलं. पण दार बंद झालं होतं. बंद दारापुढे मेलेला माणूस जाणार कुठे?

एका दुपारी स्वी लियानच्या कचेरीतला फोन वाजला. पर्थच्या विमानतळावरून. तिकडे खरखर होती... मग कोणीतरी खोकलं...

"ताई... परतीचं विमान कधी?"

मागे बरीच माणसं बोलत होती. जुनी बोली. आणि सेंग मधेच कळवळला, बोट मोडताना कळवळला असेल तसा.

तेव्हापासून तो फोन येतो. एकदा तिने मला ऐकवला. मी पुन्हा ऐकणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

पर्थचा मार्ग अजून चालू आहे. धंदा झकास आहे म्हणे.

आणि सातवा महिना पुन्हा तोंडावर आलाय. दार उघडतं त्या दिवशीचं पर्थ ते पेनांग विमान स्वी लियानने विक्रीला काढलेलंच नाही. साहेबांना सांगितलं, दुरुस्तीसाठी रिकामं आणायचंय. त्यात फक्त एक नाव आहे. तिचं स्वतःचं.

काल जिन्यात मी तिला अडवलं.

"जाऊ नकोस. ते तुलाही विचारतील, कोणी रद्द केलं."

"विचारू देत की," ती म्हणाली. "मी खरं सांगेन. मग ते सेंगला सोडतील."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हातात भाजी होती.

परवा सकाळी ती पर्थला निघतेय.