धुऱ्यापाशी बंद पडणारा ट्रॅक्टर

“धुरा जिथं होता तिथंच हाय, वहिनी. अंधारात तुमाले वाकडा दिसून राहिला,” इश्वर ट्रॅक्टरच्या सीटवरून म्हणाला.

रुखमिणीबाईंनी बॅटरीचा झोत धुऱ्यावर टाकला. धानाच्या दोन बांध्यांमधली ती मातीची पाळ एका बाजूनं ताजी कोरलेली होती. चिखलणीच्या लोखंडी चाकांनी हातभर माती गिळली होती. वळवताना चाक लागतंच, असं इश्वर सांगत होता. बाकीच्या कोपऱ्यांना कसं लागलं नाही, असं त्या विचारत होत्या. आणि दोघांच्या मध्ये, पोटरीपर्यंतच्या चिखलात, योगेंद्र मिस्त्री पाना धरून उभा होता.

टिकारामनं गोष्ट इथूनच सुरू केली. जेवणं आटोपून ओसरीत बसलेल्या पोरांना त्यानं आधीच बजावलं, की ही ऐकीव नाही. योगेंद्र त्याच्या सख्ख्या मावशीचा मुलगा, साकोलीत जुन्या इंजिनांची कामं करतो, आणि थापा मारण्याइतकी अक्कल त्याला देवानं दिलेली नाही. जागा एकोडीच्या शिवारातली. रात्र मागल्या सालच्या जिवतीच्या अवसेच्या आदली.

ट्रॅक्टर मधुकररावांचा. मधुकरराव म्हणजे रुखमिणीबाईंचे मालक. दोन उन्हाळ्यांपूर्वी वारले. इश्वर त्यांचा धाकटा भाऊ. भावाभावांच्या बांध्या लागून, मध्ये हा धुरा. तलावाच्या पाण्याची पाळी नेमकी त्या रात्री आली होती आणि उजाडताच धानाच्या रोवण्याला बाया येणार होत्या, म्हणजे चिखलणी रात्रीतच उरकायची. मी करून देतो, असं इश्वर फार गोड बोलला. त्याचं गोड बोलणं रुखमिणीबाई ओळखून होत्या, म्हणूनच बॅटरी घेऊन धुऱ्यावर बसल्या. रात्री धुरा सपाट झाला आणि सकाळी त्यावर रोवणा बसला, की हद्द कुठून जात होती हे एकट्या बाईचं कोण ऐकणार? मोजणीवाला येईपर्यंत धान कापून घरी जातं.

पण ट्रॅक्टर धुऱ्याकडे तोंड केलं की बंद पडू लागला. म्हणून योगेंद्रला फोन.

त्यानं आधी कान लावला होता. इंजिन भार पेलत नाही म्हणून थांबलं तर काळा धूर ओकतं. हे तसं करत नव्हतं. धाप लागल्यासारखं दोनतीन उसासे टाकायचं आणि निजायचं. म्हणजे उपाशी, डिझेल पोचत नाही. त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारून पाहिला. एअर धरली असती तर बुडबुडे आले असते. बुडबुडेही नाहीत, डिझेलही नाही. मग पाइप चाचपत तो मागे मागे टाकीपर्यंत गेला.

टाकीखालचा, डिझेल सोडणारा कॉक बंद होता.

योगेंद्रला हसू आलं. कॉक उघडायला विसरला आणि माझी झोप मोडली, असं तो इश्वरला म्हणाला. इश्वर म्हणाला, बंद असता तर घरून इथवर आलो कसा? फिल्टरात उरलेल्या डिझेलवर, हे योगेंद्रचं उत्तर. तेवढ्यावर इतका वेळ चालत नाही हे त्यालाही माहीत होतं, पण उत्तर तर द्यावं लागतं. एअर काढली. इंजिन गरजलं. एक फेरा नीट झाला, दुसरा झाला, ट्रॅक्टर धुऱ्याकडे वळला...

दोन उसासे. गप्प.

कॉक बंद.

धक्क्यानं फिरत असेल. योगेंद्रनं कॉकची दांडी हलवून पाहिली. घट्ट होती, फिरवायला बोटांना जोर लागत होता. तरी त्यानं तार काढली आणि कॉक उघडा ठेवून करकचून बांधला. याच वेळी दीर-भावजयीची ती जुंपली होती, जिथून गोष्ट सुरू झाली. इश्वरनं वहिनीचं म्हणणं अर्ध्यावर टाकून सेल्फ मारला. ट्रॅक्टर निघाला, थेट धुऱ्यावर.

बंद पडला.

तार सुटलेली नव्हती. सोडलेली होती. गुंडाळी करून, टोक आत खोचून, टाकीवर ठेवलेली. घाईतला माणूस अशी गुंडाळी करत नाही.

“वहिनी, हे तुमीच करून राहिल्या,” इश्वर म्हणाला.

पण त्या धुऱ्यावरून हलल्याच नव्हत्या. योगेंद्रनं पाहिलं होतं. मघापासून त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. पाना या हातातून त्या हातात. बेडूक इतका वेळ ओरडत होते, ते कधी थांबले कळलं नाही. त्यानं ठरवलं, आता आपणच पाहायचं. हात डिझेलनं धुतले, फडक्यानं कोरडे केले. कॉक उघडला. इंजिनाच्या बाजूला पाय रोवून लटकला, दांडी मुठीत धरली. चल म्हणाला.

ट्रॅक्टर चालला.

धुरा समोर आला.

मुठीत दांडी हलली.

योगेंद्रनं आवळून धरली. पुन्हा हलली. सावकाश... सवयीनं... जसं रोज काम संपल्यावर कोणी फिरवतं तशी. त्याच्या बोटांवर काहीतरी टेकलं होतं. थंड नव्हतं. उलट उबदार. त्या उबेनं योगेंद्रची मूठ हळूच, समजूत घातल्यासारखी, फिरवली.

उसासा.

मग काहीच नाही.

योगेंद्र खाली उतरला नाही, पडला. इश्वर सीटवरून उडी मारून वहिनीवर धावला. बाईनं काही करणी केली आहे, दोन वर्षं झाली भाऊ मेला, आता मालकी कोणाची ते मी पाहतो, असं तो बरळत होता. रुखमिणीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी झोत योगेंद्रच्या हातावर टाकला. नुकत्याच पुसलेल्या हातावर, बोटांच्या पाठीवर, चार काळे ठसे. इंजिनाच्या तेलाचे. तो पुसत होता. डिझेल लावून पुसत होता. टिकाराम म्हणाला, साकोलीला गेलात तर बघा, योगेंद्र तो हात खिशात ठेवूनच बोलतो. साबणानं त्वचा सोलली, ठसे नाही गेले.

इश्वर अजून बोलतच होता... मग त्याचंही लक्ष त्या हाताकडे गेलं आणि आवाज बसत गेला. तरी म्हणाला, कोणी का असेना, धुरा मी पाडणार.

रुखमिणीबाईंनी बॅटरी विझवली. पदर डोक्यावर ओढला, जसा मोठं माणूस समोर असल्यावर ओढतात. रिकाम्या सीटकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या,

“भाऊजी, अलीकडूनच वळवा जी... थे अजून उतरले नाहीत.”