उसवलेला मासा

शर्वरीच्या आबांच्या डाव्या नडगीवर एक जुना व्रण होता. शाळेत असताना ते सायकलवरून खडीवर पडले होते, त्याची ती खूण. जखम केव्हाच भरून आली होती आणि तिच्यावर पांढुरकी, गुळगुळीत कातडी धरली होती. तिचा आकार माशासारखा होता, म्हणून शर्वरी लहानपणापासून तिला ‘आबांचा मासा’ म्हणायची.

या मार्गशीर्षात तो मासा मधोमध उसवला. आबा पडले नव्हते, कुठे आपटलेही नव्हते. साठ वर्षांपूर्वी भरलेली जखम आपली आपण उघडली होती.

असं कसं होईल? हा प्रश्न शर्वरी नाताळच्या सुट्टीत धुळ्याला आली त्या दिवसापासून तिच्या डोक्यात घोळत होता. आबा, म्हणजे डॉ. दिगंबर नेरकर, जन्मभर कातडीचाच अभ्यास करत आलेले. पण त्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणत, “म्हातारपण, बाळ. दुसरं काय?”

गंमत अशी की आबा म्हातारे दिसतच नव्हते. त्यांनीच शोधलेलं ‘किरणसुई’ नावाचं यंत्र आता गावोगावच्या दवाखान्यांत होतं. केसापेक्षा बारीक सुया आणि लाल प्रकाश, एवढंच त्यात होतं. ना चाकू, ना टाके. चारदोनदा ते चेहऱ्यावरून फिरवलं की भाजल्याचे डाग फिके पडत आणि सुरकुत्या विरत. आबा दरवर्षी यंत्राची नवी आवृत्ती आधी स्वतःच्या गालावर तपासत, म्हणून पंचाहत्तरीतही त्यांचा चेहरा पन्नाशीचा वाटे. यंदा मात्र गालावर सुयांचे लालसर ठिपके राहून गेले होते. दोन दिवसांत जायला हवे होते, ते महिना झाला तरी जात नव्हते. आबा त्यांच्यावर मलम फासून ते झाकत.

आजी गेल्यापासून घरात आबा आणि ठकी, दोघंच राहत. ठकी म्हणजे घरकाम करणारा आणि प्रकृतीवर नजर ठेवणारा यंत्रमानव. रोज सकाळी ती आबांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची आणि पुण्याला शर्वरीच्या बाबांना निरोप धाडायची, “त्वचा नितळ. अंदाजे वय बावन्न. प्रकृती उत्तम.”

“अगं, ते भिंत धरून चालताहेत,” शर्वरी म्हणाली.

“मला चालणं बघायला शिकवलेलं नाही, ताई. मला चेहरा वाचायला शिकवलंय.”

“कोणी शिकवलं?”

“आबांनीच.”

गुरुवारी डॉक्टर भामरे आले. ते आबांचे विद्यार्थी, त्यामुळे तपासताना अंग चोरून बसले होते, जणू परीक्षा त्यांचीच होती. त्यांनी पट्टी सोडली आणि जखमेकडे बराच वेळ बघत राहिले. शर्वरीनेही बघितलं. मासा आता ओळखू येत नव्हता. त्याच्या भोवती जांभळे डाग पडले होते.

“सर, रक्तातली साखर ठीक आहे. रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. तरी जखम आत आत जातेय. औषध बदलून देतो. पण सोमवारपर्यंत उतार पडला नाही, तर दवाखान्यात हलवावं लागेल. विष रक्तात उतरलं, तर पाय…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

“आणि पायावर भागलं नाही तर?” आबांनी शांतपणे विचारलं.

भामरे खाली बघत पट्टी बांधत राहिले. जाताना ठकीने विचारलं, “आहारात काही बदल?” तेव्हा ते म्हणाले, “सरांना मी काय आहार सांगणार?” आणि चपला घालून निघून गेले.

संध्याकाळी आबांनी कपाटातून आपला पितळी सूक्ष्मदर्शक काढला आणि शर्वरीच्या पुढ्यात ठेवला.

“हा तू घेऊन जा.”

“उन्हाळ्यात नेईन. तुम्ही दाखवणार होतात ना, कांद्याच्या पेशी?”

“आत्ताच ने. भिंगाला बुरशी धरते, जपून ठेव.”

शर्वरीला त्या बोलण्याचा अर्थ कळला. ती रडली नाही, पण तिने सूक्ष्मदर्शकाला हातही लावला नाही. आबा गॅलरीतल्या बाजेवर बसले होते. ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली. एक गोष्ट तिला ठाऊक होती. आबा जेवण नाकारत, फिरायला जायचं नाकारत, पण प्रश्न कधी नाकारत नसत.

“आबा, जखम भरते म्हणजे नेमकं काय होतं?”

 आबांनी बाजेच्या सुंभाच्या दोरीवर बोट टेकवलं.

“ही बाज बघ. लाकडाची चौकट आहे, पण आपलं वजन तोलते ती दोरी. कातडीतही अशीच दोरी असते. तिला कोलॅजेन म्हणतात (कातडी, हाडं, हिरड्या यांना धरून ठेवणारं दोरीसारखं प्रथिन). तीन पदर एकमेकांत पिळून ती तयार होते. जखम झाली की पेशी (शरीराचे अतिसूक्ष्म जिवंत घटक) तिथे नवी दोरी विणतात.”

“आणि किरणसुई?”

“ती फक्त हाळी देते. सुया अगदी बारीक टोचतात, म्हणून पेशींना वाटतं की इथे डागडुजी करायला हवी. लाल प्रकाशाने त्यांना हुरूप येतो. विणायचं काम पेशीच करतात.”

“मग सुंभ कुठून येतं?”

“ताटातून. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांपासून.” आबांचा आवाज आता वर्गातल्यासारखा झाला होता. “पण नुसतं पिळून भागत नाही. तीन पदर सुटू नयेत म्हणून जागोजागी गाठी माराव्या लागतात. त्या मारतं एक विकर (शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन). आणि त्या विकराला मदतीला लागतं क जीवनसत्त्व. ते नसेल, तर विणलेली दोरी टिकत नाही.”

“मग नवी जखम भरणार नाही, हे समजलं. पण जुनी कशी उघडेल? ती तर विणून झालेली.”

“इथेच सगळे चुकतात. कातडी भिंतीसारखी एकदा बांधून होत नाही. शरीर जुनी दोरी थोडी थोडी काढत असतं आणि नवी घालत असतं, जन्मभर. व्रणाच्या जागी तर हे काम जास्तच जोरात चालतं. काढणं चालू राहिलं आणि घालणं थांबलं, तर…”

आबा थांबले. त्यांनी आपल्या पट्टीकडे बघितलं.

“क जीवनसत्त्व कशात असतं, आबा?”

“आवळ्यात भरपूर,” ते म्हणाले. मग सावकाश, एकेक शब्द उचलत, “पेरूत. लिंबात. संत्र्यात. हिरव्या पालेभाजीत, कोथिंबिरीत…”

शर्वरी एकदम ताठ बसली.

“आबा, ही तर आपली माणसं आहेत.”

नेरकरांच्या घरातली ही रीत तिला पाठ होती. कुणी गेलं की त्याचा आवडता पदार्थ आबा कायमचा सोडत. पणजी गेली तेव्हा पेरू सुटला. आबांचे भाऊ अण्णाआजोबा गेले, लिंबू सुटलं. आबांचे मित्र निजामभाई गेले, त्यांच्याबरोबर संत्री गेली. आणि गेल्या वर्षी आजी गेली. आजीला आवळा आवडायचा, कैरी, मेथी, चाकवत, कोथिंबीर, हिरवं म्हणून जे असेल ते सगळं आवडायचं. आबांनी सगळंच सोडलं. देवाधर्माचं म्हणून नव्हे. तो घास त्यांच्या घशाखाली उतरत नसे. घरच्यांना त्याचं कौतुकच वाटायचं, कुणी कधी टोकलं नाही. आता आबांच्या ताटात वरण-भात, पिठलं आणि चहात बुडवलेली खारी एवढंच उरलं होतं. आयुष्यभर कातडीतल्या गाठी शोधणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती फळं उरलीच नव्हती.

शर्वरी आत गेली. कोपऱ्यावर फळं विकणाऱ्या बाईंनी सकाळी तिला आवळे दिले होते. त्यांतला एक चिरून, मीठ लावून तिने आबांपुढे धरला.

“नको, बाळ.”

“तुम्हीच सांगितलंत ना आत्ता?”

“मी हे सोडलंय, म्हणून ती माझ्याजवळ आहे. रोज ताटावर बसलो की आठवते. खाल्लं तर काय उरेल?”

“आणि तुम्ही गेलात तर मी काय सोडायचं?”

आबांनी मान वळवली.

“तुमच्या आवडीचं खाणं तर काही राहिलंच नाही,” शर्वरी म्हणाली. “तुम्हाला सगळ्यांत जास्त आवडतं ते मी प्रश्न विचारलेलं. मग तेच सोडते. पुन्हा कुणाला काही विचारणार नाही. चालेल?”

खालून एक रिक्षा गेली. आबांनी हात पुढे केला, आवळ्याची फोड उचलली आणि डोळे मिटून तोंडात ठेवली. चावताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते आंबटपणाचं होतं की आजीचं, ते शर्वरीने विचारलं नाही. हा एकच प्रश्न तिने त्या दिवशी गिळला.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने सगळं सांगितल्यावर भामऱ्यांनी रक्त तपासायला पाठवलं. क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. “सर, मी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. त्यांनी औषधाच्या गोळ्या दिल्या, जखमेचे उपचार चालू ठेवले आणि जेवणाचा तक्ता स्वतः ठकीला समजावून सांगितला.

सगळं परत मिळालं नाही. आबांचे दोन दात पडले, आणि थंडीत तो पाय अजून ओढतच चालावं लागतं. पण हिरड्यांचं रक्त आठवड्यात थांबलं. गालावरचे ठिपके विरले. आणि होळीच्या सुमारास मासा पुन्हा मिटला, थोडा वाकडा, पण घट्ट.

आबांनी ठकीला नव्याने शिकवायला घेतलं. आता ती चेहऱ्याकडे बघत नाही. ती आधी ताट बघते, मग चाल, मग विचारते, “आबा, काल कुणाची आठवण आली?”

कारण रीत मोडली नाही, ती फक्त उलटी झाली. पणजीच्या तिथीला घरात पेरू येतो, निजामभाईंच्या दिवशी संत्री सोलली जातात, आणि आजीसाठी रोज काहीतरी हिरवं शिजतं. आबा पहिला घास घेताना त्या माणसाची एक गोष्ट सांगतात. शर्वरी पुण्याहून पडद्यासमोर बसून ऐकते.

तिच्या टेबलावर तो पितळी सूक्ष्मदर्शक आहे. कांद्याच्या पेशी बघून झाल्या. गेल्या रविवारी तिने विचारलं, “आबा, कातडीतल्या त्या गाठी डोळ्यांनी बघता येतील का?”

“या भिंगातून नाही दिसायच्या,” आबा म्हणाले, आणि पेरूची फोड हातात तशीच धरून पुढे सरकले. “त्यासाठी वेगळं यंत्र लागेल. ते कसं असावं, तुला काय वाटतं?”