दुसऱ्याच्या पानावर

ठेव तो फोन खाली, मिहिर. बघितले फोटो. इटलीतल्या डोंगरातलं गाव, पडकी घरं, दारात एक म्हातारी आणि एक मांजर. छान आहे. नुपूर, तूही ये इकडे. तुम्ही बहीणभाऊ मिळून तिकिटं काढताय म्हणून सांगतो. माझ्या ओळखीचा एकजण तिथे जाऊन आलाय. आणि तो डेकवरचा दिवा घालवा आधी, पाखरं येतात.

यतिनला तुम्ही पाहिलंय. इथून तीन रस्ते सोडून राहतो, आमच्या अण्णांचा मुलगा. अण्णा माझा जुना मित्र, तेव्हा मी यतिनबद्दल गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तो माझ्याकडे घराची जादा किल्ली द्यायला आला. काम साधंच होतं. कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायचा, कारण तो त्याच्या आईला, शांतावहिनींना, ओढवत नाही, आणि त्या एकट्या आहेत तर अधूनमधून डोकावायचं. मी म्हटलं, नो वरीज, कुठे निघालात?

‘मोलिझे,’ तो म्हणाला.

‘ते काय, चीज आहे का?’

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्याच्या गाडीवर ओरखडा काढलाय. ‘काका, रोम-व्हेनिस टूरवाल्यांसाठी असतं. थेपल्यांचे डबे घेऊन फिरणारे. मोलिझेत कुणीच जात नाही. इटालियन लोकच म्हणतात, मोलिझे एक्झिस्टच करत नाही.’

म्हणजे बघा, आपण जिथे जातोय ते जगात नाहीच, हे हा माणूस छाती फुगवून सांगत होता. दीडशहाणा! त्याला कुणाचंच काही कधी पटायचं नाही. चांगल्या शाळेसाठी ग्लेन वेव्हर्लीत, आपल्या या उपनगरात, घर घेणारे म्हणे मेंढरं. याचं स्वतःचं घर कुठे? ग्लेन वेव्हर्लीत, शाळेच्या झोनमध्ये, बरोबर मधोमध.

बापाची तर त्याला लाजच वाटायची. अण्णा चित्राहुती घातल्याशिवाय जेवायचे नाहीत. तुम्हाला माहीत नसणार. जेवायला बसलं की पानाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला भाताची शितं ओळीने ठेवायची. एकदा यतिनच्या वाढदिवसाला आम्ही सगळे पिझ्झा खायला गेलो. तिथे भात कुठला? अण्णांनी कडेचा पाव तोडून त्याचे तुकडे टेबलक्लॉथवर मांडले, ग्लासातलं पाणी फिरवलं, डोळे मिटले. यतिनने टिश्यू घेऊन सगळं पुसून टाकलं. ‘अण्णा, लोक बघतायत.’ अण्णा हसले. मी हसलो नाही.

तर किल्ली घेताना मी विचारलं, ‘अरे, अण्णांचं वर्षश्राद्ध?’ ते जाऊन वर्ष होत होतं, आणि तिथी नेमकी याच्या ट्रिपच्या आठवड्यात. वहिनींनी एकच मागितलं होतं. थाटमाट नको, भटजी नको, मुलाने घरी असावं आणि स्वतःच्या हाताने बापाचं पान मांडावं.

‘काका, मेलेला माणूस जेवत नाही,’ यतिन म्हणाला. ‘बेसिक बायॉलॉजी. आणि तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत.’

तेजश्री, त्याची बायको, गाडीत बसली होती. तिने मान खाली घातली. त्या घरात अक्कल म्हणून जी आहे, ती तिच्याकडेच.

गेले. गावात पोचले ती एक नोव्हेंबरची संध्याकाळ. तिकडे त्या दिवशी सुट्टी असते. दुकान बंद, खानावळ बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. ज्या ऑफबीटसाठी एवढा जीव टाकला होता ते ऑफबीट समोर आलं, आणि साहेबांना भूक लागली.

राहायला फिलोमेना नावाच्या म्हातारीच्या घरी वरची खोली घेतली होती. खाली स्वयंपाकघरात टेबलावर पांढराशुभ्र कपडा, त्यावर एकच ताट. घेवड्याचं सूप, पाव, अक्रोड, वाइनचा पेला. शेजारी दिवा. तिची नात इंग्लिश बोलणारी होती, तिने नीट समजावलं. आज रात्री गेलेली माणसं घरी येतात. हे ताट आजोबांचं, निकोलाचं. याला हात लावू नका. आजोबा एकच पेला प्यायचे आणि संपला की टेबलावर पालथा घालायचे, म्हणजे आता कुणी ओतू नये. मग नात गाडी घेऊन शहरात निघून गेली. म्हातारीने बाहेरचं दार नुसतं लोटून ठेवलं, कडी घातली नाही, आणि झोपायला गेली.

न समजल्यामुळे काहीही झालेलं नाही, हे लक्षात ठेवा. सगळं समजलं होतं त्याला.

मध्यरात्र उलटल्यावर तो उठला. तेजश्री म्हणाली, ‘अरे, नैवेद्य आहे तो.’ हा म्हणाला, ‘सख्ख्या बापाचं श्राद्ध घातलं नाही मी. या बाईच्या नवऱ्याला भिऊ?’ खाली गेला. निकोलाच्या खुर्चीत बसला. सूप प्यायला, पाव खाल्ला, वाइन संपवली. पेला ठेवला. सुलटा.

तेव्हा दार उघडलं.

वारा असेल, त्याला वाटलं. पण वारा पाय पुसत नाही. पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. एकदा... मग दुसऱ्यांदा. मग पावलं. सावकाश. म्हाताऱ्या माणसाची. ती त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

काही नाही. कुणी हात लावला नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त मागे कुणीतरी उभं... आपण कुणाच्या लग्नात पंगत उठायची वाट बघत खुर्चीमागे उभे राहतो ना, तसं.

यतिनने वळून पाहिलं नाही.

किती वेळ, माहीत नाही. मग पावलं परत गेली. दार लोटलं गेलं.

सकाळी म्हातारीने रिकामं ताट बघितलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिने पेला बघितला. मग यतिनकडे. ती खुर्चीवर बसली आणि तिने पदराला... ॲप्रनला डोळे पुसले. ‘ड्रामा,’ असं यतिनने मला नंतर सांगितलं. पण सांगताना त्याची नजर माझ्या खांद्यामागे जात होती. खाई त्याला खवखवे.

परत आल्यावर वहिनींनी धरूनच बसवलं त्याला. चुकलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं. नोव्हेंबरातलीच अमावास्या होती, मी स्वतः तिथे होतो. यतिनने लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून बापाचं पान मांडलं. धन्य तो पुत्र! ताट मागच्या डेकवर ठेवलं. इथले कावळे, रडक्या पोरासारखे ओरडतात ते, त्यातला एक कुंपणावर आला. ताटाकडे बघितलं. मग ताटाच्या शेजारी बघितलं, जिथे काहीच नव्हतं. आणि उडून गेला.

वहिनींनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग ताट उचलून आत आणलं, डायनिंग टेबलावर अण्णांच्या जागी ठेवलं, बाजूला पाण्याचा पेला. ‘रात्रभर राहू दे,’ म्हणाल्या. ‘ते येतील. रागावलेत, पण येतील.’

त्या रात्री यतिन किचन बेंचपाशी काम करत होता. टेबलाकडे पाठ. दाराला लॉक होतं, त्याने दोनदा बघितलं होतं.

आधी वास आला. जळत्या लाकडाचा. ग्लेन वेव्हर्लीत चूल कोण पेटवतो?

मग बूट पुसल्याचा आवाज. त्यांच्या घरात पायपुसणं नाहीये, नुपूर. टाइल्स आहेत.

पावलं... सावकाश. दमलेली. फार लांबून चालत आलेल्या माणसाची. खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं.

आणि जेवू लागलं.

यतिनने वळून पाहिलं नाही. याही वेळी नाही. शेवटी टेबलावर आवाज झाला. टक्.

मग... काही नाही.

सकाळी वहिनींनी ताट बघितलं. स्वच्छ. ‘जेवले!’ म्हणून त्या ओरडल्याच. तेजश्री धावत आली. मग वहिनींना पेला दिसला. पालथा.

‘हे पेला कधी पालथा घालत नसत,’ त्या म्हणाल्या. ‘आणि चित्राहुती कुठेय? एवढ्या वर्षांच्या संसारात पानाभोवतीचं ते पाणी रोज पुसलंय मी. टेबल कोरडं कसं?’

तेजश्रीने तेव्हा सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. यतिनला शिवी दिली नाही, मी असतो तर दिली असती. म्हणाल्या, ‘जो कोणी जेवून गेला, त्याचं पोट भरलं, बरं झालं. तो तरी काय करणार बिचारा? पण माझा माणूस कुठे गेला जेवायला?’

 बायॉलॉजीवाल्याने पेला उचलून सुलटा ठेवला.

तेजश्रीने त्या नातीला मेसेज केला, आजीला सांग, आजोबा आमच्याकडे जेवून गेले, पेला पालथा घालून. म्हातारी ते ऐकून रडली म्हणे. मग उत्तर आलं, पुढच्या वर्षी मी दोन ताटं मांडणार, एक माझ्या माणसाचं, एक तुमच्या.

बस, एवढंच. बाकी कुणी तिला काही सांगितलं नाही. अण्णा कसे जेवायचे, काय करायचे, एक अक्षर नाही. मी तेजश्रीला चार-चारदा विचारलंय.

गेल्या नोव्हेंबरात, दोन तारखेच्या सकाळी काढलेला फोटो नातीने पाठवला. खाली लिहिलं होतं, आजी विचारते, तुमच्याकडे असं करतात का? वहिनींनी तो मला पाठवलाय. थांबा... हा बघा. घे, मिहिर.

दोन ताटं. दोन्ही रिकामी. डावीकडचा पेला पालथा. आता दुसरं ताट बघ. त्याच्या उजव्या हाताला, कपड्यावर. हो, पावाचे तुकडे. ओळीने.

वहिनी रडल्या नाहीत. फोटो बघत राहिल्या, मग यतिनला एवढंच म्हणाल्या, ‘तिकडे थंडी फार असते का रे?’ तो अंगठ्याने स्क्रीनवरचे ते तुकडे चाचपत होता.

मोठा कर फोटो. अजून. ताटाच्या भोवती बघ, कपडा कसा दिसतोय.

ओला आहे ना? गोल.