दाराची आतली बाजू

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. सातवीतच शाळा सुटली, शब्दही साधेच येतात. नरसिंगभाऊनं सांगितलं तसं मांडतो.

लातूरबाहेर पोलिसांना गुन्ह्याच्या जागेचा तपास शिकवायचं एक केंद्र आहे. नरसिंग तिथला शिपाई, मागच्या आवारात एकटाच राहतो. त्या दुपारी तिथं शिकवणाऱ्या विशाखा मॅडमना सरावासाठी कुणाची तरी राहती खोली हवी होती. नरसिंगनं आपलीच दिली.

"भाऊ, मुडदा कुठं दडवलाव?" एका हवालदारानं विचारलं.

"माझ्या हातचा चहा प्या, तुम्हीच व्हताल."

सगळे हसले. आधी प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतले, नरसिंगचेही, म्हणजे ते वगळता येतात. मग काळ्या पावडरीचे ब्रश फिरू लागले. पत्रे तापून तडतडत होते. धम्मप्रिया नावाची शिकाऊ पोरगी दार आतून तपासत खाली खाली सरकत गेली, आणि थांबली.

"मॅडम... हे कुणाशीच जुळंना गेलेत."

उंबऱ्याच्या वर वीतभर, अंगठ्याचे ठसे. एकावर एक, पंधरा-वीस. प्रत्येकावर आडवी चीर.

"विळीची हाय ती," नरसिंग हळूच म्हणाला. "सिद्धम्माची. माझ्या बायकोची."

"कुठं असतात त्या?"

"गेली... दोन वर्सं झाली."

मॅडमनी ठशांखालच्या रंगावरून नजर फिरवली. "दार कधी रंगवलं?"

"औंदा दिवाळीला."

 खोलीत, तापात कपाळावर ठेवतात त्या मिठाच्या पाण्याच्या पट्टीचा ओलसर वास पसरला.

ती गेली त्या दिवशी सिद्धम्मा तापानं झोपली होती. कुत्रं शिरू नये म्हणून नरसिंगनं बाहेरून कडी लावली आणि कामावर गेला. संध्याकाळी ती अंथरुणातच गार पडलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. त्या एका शब्दावर तो दोन वर्षं जगला होता.

"मॅडम, झोपलेलं माणूस दारापर्यंत येतंय का?" त्यानं विचारलं. मॅडमनी मान खाली घातली.

"पुसू का, भाऊ?" धम्मप्रियानं विचारलं.

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकट्यानंच बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दार जाड लाकडाचं, बसवताना दोन माणसं लागलेली. त्यानं आपलं टोक उचललं. दुसरं टोकही उचललं गेलं, आणि त्याच्या चालीनं भिंतीपर्यंत आलं.

"हळू ठिव," तो म्हणाला. "बोट चेंगरंल."

मग घर तसंच उघडं ठेवून तो कामावर गेला.